देवळातली फंडपेटी आणि ‘अल्पवयीन म्हणून सुटले’ : कायदा नेमका काय करतो?

कुळागर

नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात हायस्कुलात शिकवतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या देवळाचे कुलूप रात्री फोडून फंडपेटी पळवण्यात आली आणि चार दिवसांत तीन मुलगे सापडले. एक एकोणीस वर्षांचा, दुसरा सतरा पूर्ण केलेला आणि तिसरा नुकता पंधरा ओलांडलेला, जो माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसतो. पेटी काजूच्या झाडीत उघडी सापडली. नोटा गेल्या होत्या, नाणी मात्र तशीच होती. एवढी नाणी घेऊन दुकानात गेलो तर लगेच ओळखले जाऊ, एवढा विचार त्यांनी केला असावा आणि गावात सर्वांचा राग नेमका यावरच आहे की, नाण्यांचा विचार करणाऱ्यांना अजाण कसे म्हणायचे.

एकोणीस वर्षांच्या मुलाला कोठडी मिळाली आणि दोघे धाकटे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपापल्या घरी होते. देवस्थान समितीच्या बैठकीत त्यावरून दोन तास वाद झाला. ‘भुरगीं म्हूण सुटलीं’ (पोरे म्हणून सुटली) असे बहुतेकांचे म्हणणे पडले. एका महाजनांनी (देवस्थानाच्या सभासदांनी) सांगितले की गोव्यात मुलांसाठी वेगळा कायदा असल्यामुळे पोलिसांचे हात बांधलेले आहेत. दुसऱ्यांनी सांगितले की २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणानंतर सोळा वर्षांवरच्या मुलाला प्रौढ धरतात, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलाला घरी पाठवणे हीच पोलिसांची चूक आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे मला कठीण वाटते. वर्गातली मुलेही मला हेच विचारतात आणि ज्याच्याविषयी विचारतात तो तिथेच मान खाली घालून बसलेला असतो. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

मांडवीकाठ

मास्तर, मी पणजीत वकिली करतो आणि बाल न्याय मंडळापुढेही उभा राहतो. तुमच्या महाजनांची दोन्ही विधाने या प्रकरणाला लागू पडत नाहीत, पण ती का पडत नाहीत हे जरा सविस्तर सांगावे लागेल.

२००३ चा गोवा बाल अधिनियम हा प्रामुख्याने मुलांवर होणाऱ्या अत्याचारांसाठी केलेला कायदा आहे आणि त्याखालचे बाल न्यायालय अशा गुन्ह्यांची सुनावणी करते. मुलाने स्वतः गुन्हा केल्याचा आरोप असेल तर त्याची वाट २०१५ च्या केंद्रीय बालन्याय अधिनियमातून जाते, जो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. घोटाळा वाढतो तो या केंद्रीय कायद्यातही ‘बाल न्यायालय’ हा शब्द असल्यामुळे. पण तिथे त्याची व्याख्या निराळी आहे. हा फरक लोकांना माहीत नसतो यात नवल नाही, कारण कधीकधी तो ठाण्यावरही माहीत नसतो.

आता ‘सुटले’ या शब्दाविषयी. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात आणि त्या दोघांपैकी एक तरी स्त्री असावीच लागते. ताब्यात घेतलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत या मंडळापुढे न्यावे लागते आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. जामीन हा इथे नियम आहे. मूल सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका होईल किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच हरपेल, असे मानायला वाजवी कारण असेल तरच तो नाकारता येतो. दोघे घरी आले ते जामिनावर आले. त्यांची चौकशी संपलेली नाही आणि एकोणीस वर्षांच्या मुलाबरोबर त्यांना एकाच खटल्यात उभे करण्याला कायद्याचीच मनाई असल्यामुळे ती वेगळी चालेल. गंमत अशी की किरकोळ आणि गंभीर गुन्ह्यांत एरवी मुलावर प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) नोंदवतच नाहीत, फक्त ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते. इथे तो नोंदवला गेला असेल तर तो प्रौढ साथीदार सोबत होता म्हणून.

सतरा वर्षांच्या मुलाला प्रौढ धरण्याची गोष्ट. कायद्याने गुन्ह्यांचे तीन वर्ग केले आहेत : किरकोळ, गंभीर आणि निर्घृण. प्रौढासारखा खटला चालवण्याचा प्रश्न निघतो तो फक्त निर्घृण गुन्ह्यात आणि तोही मुलाने सोळा पूर्ण केले असतील तरच. निर्घृण म्हणजे ज्याला किमान शिक्षाच सात वर्षे किंवा अधिक आहे, असा गुन्हा. रात्री घरफोडी करून चोरी केल्यास जास्तीत जास्त शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते (जुन्या दंड संहितेचे कलम ४५७, नव्या न्याय संहितेतही तेच प्रमाण आहे) आणि देऊळ हे त्या व्याख्येत बसते. पण त्याला किमान शिक्षा ठरवलेली नाही. कमाल शिक्षा सात वर्षांहून अधिक पण किमान ठरलेली नाही, अशा मधल्या गुन्ह्यांचे काय करायचे, हे २०१५ च्या कायद्यात लिहायचेच राहून गेले होते. दिल्लीत एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या गाडीखाली एक माणूस मेला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले की असे गुन्हे ‘गंभीर’ या वर्गात धरावेत, ‘निर्घृण’ या वर्गात नव्हे. २०२१ च्या दुरुस्तीने तेच कायद्यात आले. तेव्हा तुमच्या सतरा वर्षांच्या मुलाला प्रौढ धरण्याचा प्रश्न उद्भवत नाही आणि पंधरा वर्षांच्या मुलाचा तर कोणत्याही गुन्ह्यात उद्भवला नसता.

मंडळाला आरोप खरा वाटला तर समज देऊन सोडण्यापासून समुपदेशन, समाजसेवा, दंड, परिवीक्षेवर (देखरेखीखाली) सोडणे आणि शेवटी विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवणे, इतके पर्याय त्याच्यापुढे असतात.

आबोली

वकीलबाब, तुम्ही कायदा छान समजावलात, पण ज्याच्या घरात चोरी झाली त्याच्या बाजूने कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते. तीन वर्षांपूर्वी फोंड्याजवळ आमचे घर फोडले गेले. कपाटातले माझ्या सासूबाईंचे मंगळसूत्र आणि पाटल्या गेल्या. सासूबाई पाटल्यांसाठी शेवटपर्यंत हळहळत राहिल्या. पकडलेल्यांत एक साडेसतरा वर्षांचा होता. पुढे त्याचे काय झाले हे मला आजतागायत माहीत नाही, कारण विचारायला गेले की ‘अल्पवयीनाचे प्रकरण आहे, सांगता येत नाही’ हे एकच उत्तर मिळत असे. सहा महिने थांबला असता तर तोच मुलगा कायद्याने प्रौढ ठरला असता. सहा महिन्यांत माणसाच्या बुद्धीत असा काय फरक पडतो?

पुण्यात मे २०२४ मध्ये मोटारीखाली दोघे तरुण मेले आणि चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, हे सर्वांनी वाचले आहे. माझ्या मुलाला गृहपाठ केला नाही म्हणून त्याहून मोठा निबंध लिहावा लागतो. वय सोळावर आणावे असे मला वाटते आणि असे म्हणणारी मी निर्दय बाई नाही.

मांडवीकाठ

ताई, एक गोष्ट तुम्हाला चुकीची सांगितली गेली. मुलाचे अहवाल गोपनीय असतात हे खरे, पण त्याच कायद्याच्या कलम ९९ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की पीडित व्यक्तीला तिच्या प्रकरणाची नोंद, आदेश आणि संबंधित कागद पाहण्यास नकार देता येणार नाही. मंडळाकडे लेखी अर्ज करा. तीन वर्षे झाली म्हणून तुमचा हक्क गेलेला नाही. बाकी वयाविषयी तुमचे मत मला मान्य नाही, पण तो इतिहास सांगणारा माझ्याहून अधिक माहितीचा माणूस इथे आहे.

जुने कागद

बोलावलेच आहे तर येतो. कायदा शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि विद्यार्थी ‘सोळा की अठरा’ हा प्रश्न जणू काल निर्माण झाला अशा थाटात विचारत, तेव्हा मी त्यांना १८५० पर्यंत मागे नेत असे. त्या वर्षीच्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या, किरकोळ गुन्हा केलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी एखाद्या धंद्यात उमेदवार म्हणून बांधून देण्याची सोय केली. म्हणजे अठरा हा आकडा संयुक्त राष्ट्रांनी आपल्या गळ्यात घातला, ही समजूत खरी नव्हे. पुढे १८७६ आणि १८९७ चे सुधारशाळांचे कायदे झाले. मुंबईची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ही त्या काळच्या विचाराची खूण आहे : मुलाला सुतारकाम शिकवा, तो सुधारेल. १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांचे खटलेच वेगळे चालवा अशी शिफारस केली आणि त्यातून मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांचे बालक कायदे आले. ‘रिमांड होम’ हा शब्द आपल्या घराघरांत ‘तुला तिथे पाठवीन’ अशी धमकी म्हणून पोहोचला, तो याच परंपरेतून.

स्वातंत्र्यानंतर केंद्राने १९६० मध्ये केंद्रशासित प्रदेशांसाठी बालक अधिनियम केला. त्या वेळी गोवा पोर्तुगिजांकडेच होता. या कायद्यात मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा अशी मर्यादा होती. १९८६ मध्ये पहिला देशव्यापी बालन्याय अधिनियम आला तेव्हाही हीच जोडी कायम राहिली. त्याच सुमारास पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांत सडणाऱ्या मुलांविषयी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती आणि मुलांना तुरुंगात ठेवू नये, असे न्यायालयाने बजावले होते. तेव्हा आबोलीताई, तुम्ही मागता ते सोळा वर्षांचे वय मुलग्यांच्या बाबतीत या देशात प्रत्यक्ष होते. १९९२ मध्ये भारताने बालहक्क संहितेला मान्यता दिली आणि २००० च्या कायद्याने मुलगे-मुली दोघांनाही अठराची रेघ लागू केली.

तरी रेघ कोणत्या दिवशी मोजायची हा घोळ राहिलाच. गुन्हा केला त्या दिवशीचे वय धरायचे की न्यायालयापुढे आणले त्या दिवशीचे? सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये एक उत्तर दिले आणि २००५ मध्ये मोठ्या खंडपीठाने ते फिरवून गुन्ह्याच्या दिवशीचे वय हेच खरे ठरवले. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख पहिलीत नाव घालताना ‘जूनमध्ये बसवा’ म्हणून कशी लिहिली जाते, हे इथल्या प्रत्येक मास्तराला ठाऊक आहे, आणि कायद्याने पहिला मान त्याच दाखल्याला दिला आहे. पंचायतीच्या जन्मनोंदीलाही तो दाखला नसेल तरच विचारतात आणि हाडांची तपासणी तर अगदी शेवटी.

मग १६ डिसेंबर २०१२ ची दिल्ली. आरोपींतला एक अठराला काही महिने कमी होता. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्येच वय खाली आणू नये असे सांगितले होते. ऑगस्ट २०१३ मध्ये त्या मुलाला तीन वर्षांची कमाल मुदत मिळाली, २० डिसेंबर २०१५ ला तो बाहेर आला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. संसदेच्या स्थायी समितीचा विरोध होता, तरीही. मात्र रेघ तेव्हाही अठरावरच राहिली. तिच्या आत सोळा ते अठरा असे एक दार ठेवण्यात आले आणि त्या दाराची चावी तीन माणसांच्या मंडळाकडे दिली गेली.

तुमचा सहा महिन्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला मेंदूशास्त्रातून उत्तर मिळत नाही. कोणतीही रेघ ओढली की तिच्या अलीकडे-पलीकडे सारखीच दोन मुले सापडतात. परंतु रेघ नको, प्रत्येक मुलाकडे पाहून दयाबुद्धीने ठरवा, असे म्हटले की काय होते याचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. शिकागोत १८९९ मध्ये मुलांचे पहिले न्यायालय स्थापन झाले, ते प्रेमळ बापासारखे वागेल या विश्वासाने. म्हणून तिथे वकील नको, पुरावा नको, नियम नको. १९६४ मध्ये अॅरिझोनात पंधरा वर्षांच्या एका मुलाला शेजारणीला अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारशाळेत धाडण्यात आले. तक्रार करणारी बाई न्यायालयात आलीही नव्हती. तोच गुन्हा प्रौढाने केला असता तर त्याला फार तर पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. १९६७ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार मोडून काढला. दया म्हणून दिलेली सहा वर्षे होती ती.

घुमट

मी परिवीक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालो. वरील चर्चेत ज्याचा कागद सर्वांत जास्त वाचला जातो आणि ज्याचे नाव सर्वांत कमी घेतले जाते, तो माणूस मी.

मंडळापुढे जाणारा सामाजिक तपास अहवाल आम्ही लिहितो. गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या आणि खनिज वाहणारे ट्रक उभे राहिले, त्यानंतरच्या वर्षांतले एक प्रकरण सांगतो. ओळख पटेल असे काही ठेवलेले नाही. सोळा वर्षांचा मुलगा, उभ्या ट्रकांच्या बॅटऱ्या काढून भंगारवाल्याला विकल्याचा आरोप. घरी गेलो तर अंगणात बापाचा ट्रक निळ्या ताडपत्रीखाली चिऱ्यांवर उभा, चाकेही काढलेली, ताडपत्रीवर भोपळ्याचा वेल चढलेला. बाप बोलेना. आईने प्लास्टिकच्या पिशवीतून दाखले, रेशनकार्ड आणि बँकेच्या हप्त्यांच्या नोटिसा एकत्रच काढून माझ्यापुढे ठेवल्या. मुलाला विचारले, पहिली बॅटरी कुणाची काढलीस? त्याने अंगणातल्या ट्रकाकडे बोट केले. हे बापाला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. अहवालाच्या नमुन्यात ‘गुन्ह्याची कारणे’ या रकान्याला तेव्हा दीड ओळ जागा होती.

त्या मुलाला मंडळाने परिवीक्षेवर सोडले. तो आज काय करतो हे मला ठाऊक आहे, पण इथे लिहिणार नाही. तो चांगला निघाला म्हणून कायदा बरोबर, वाईट निघाला म्हणून चूक, असा हिशेब कुणी मांडू नये.

सोळा ते अठराच्या ज्या दाराविषयी ‘जुने कागद’ यांनी लिहिले, त्याच्याविषयी माझी तक्रार आहे. निर्घृण गुन्हा असेल तर मंडळाने तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करायचे : तो गुन्हा करण्याची मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता होती का, परिणाम समजण्याची कुवत होती का आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. समोर बसलेले मूल मात्र त्या रात्रीचे नसते. मधल्या आठवड्यांत ते निरीक्षणगृहात राहिलेले असते, भेदरलेले असते किंवा उलट तिथल्या मोठ्या मुलांकडून काय बोलायचे ते शिकून आलेले असते. तासाभराच्या भेटीत मानसशास्त्रज्ञाने त्या रात्रीची कुवत मोजायची. शिवाय गुन्हा त्याने केला की नाही हे अजून सिद्ध झालेलेच नसते आणि तरी ‘करताना तुला समजत होते का’ हा प्रश्न त्याला विचारला जातो. जो खरोखरच निर्दोष आहे त्याने यावर काय उत्तर द्यावे? गुरुग्राममधल्या शाळेतील खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले की मंडळात मानसशास्त्राचा जाणकार सदस्य नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. ते योग्यच झाले, पण मोजपट्टी कोणती वापरायची हा प्रश्न त्याने सुटला नाही.

प्रौढ म्हणून खटला चालला तरी एकविसापर्यंत त्याला सुरक्षित स्थानातच ठेवतात, तुरुंगात नव्हे, आणि फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही. हे पुष्कळांना माहीत नसते.

मास्तर, तुमच्या नाण्यांविषयी. मुलांनी नाणी टाकून दिली यावरून त्यांना परिणाम कळत होते असे गाव म्हणते. मी अहवाल लिहीत असतो तर इतकेच लिहिले असते की पकडले जाण्याची भीती त्यांना कळत होती. आठ वर्षांचे पोरही पेरू चोरताना कुत्रा बांधलेला आहे का ते पाहते.

आबोली

पेरूचे उदाहरण मला पटले नाही, पाटल्या म्हणजे पेरू नव्हेत. पण कलम ९९ खालचा अर्ज या आठवड्यात देणार आहे. वकीलबाब, त्यात दागिन्यांची यादी पुन्हा जोडावी लागते का?

मांडवीकाठ

यादी नको. गुन्हा क्रमांक, तुमचे फिर्यादीचे नाव आणि आदेशाची प्रत हवी एवढेच लिहा.

कुळागर

सर्वांचा आभारी आहे. एक शेवटचा प्रश्न. समितीने देवळाच्या फळ्यावर तिघांचीही नावे लिहिली आहेत आणि त्या फळ्याचा फोटो गावच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरतो आहे. शिवाय काही पालक पंधरा वर्षांच्या मुलाच्या दाखल्यावर या प्रकाराची नोंद करा म्हणून मुख्याध्यापकांच्या मागे लागले आहेत.

मांडवीकाठ

फळा आजच पुसायला सांगा आणि फोटोही काढून टाकायला लावा. मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, काहीही कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करणे हा कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रकरण निकालात निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनासुद्धा ती नोंद उघड करता येत नाही, मग शाळेच्या दाखल्यावर ती येण्याचा प्रश्नच कुठे राहतो? मुख्याध्यापकांना हवे असेल तर मी लेखी देतो.

कुळागर

फळा काल रात्री पुसला. खडूचीच अक्षरे होती, वेळ लागला नाही. आता त्यावर जत्रेच्या वर्गणीची यादी आहे. गटावरचे फोटो किती जणांकडे उतरले आहेत, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.